गोऱ्यांतले कातकरी

लोधिवली,
८ ऑगस्ट २०२५

नमू,

पाच वर्षं झाली तुझ्या नावानं आंघोळ करून. मेलेल्या माणसाला कोणी पत्र लिहीत नाही. पण काल रूपेशच्या मोबाईलवर बातमी बघितली आणि हातातला घास खाली ठेवला.

आयर्लंडमधे आपल्या एका माणसाला रस्त्यात पाडून मारलं होतं. तोंड सुजलेलं, शर्टावर रक्त. सांगणारा म्हणत होता, तिकडं आपली माणसं आता दिवसासुद्धा एकटी बाहेर पडायला घाबरतात. पोरंसोरं म्हणे अंडी फेकतात, ‘तुमच्या देशात चालते व्हा’ म्हणतात. मी अपेक्षाला विचारलं, नमूचं गाव हेच का? अपेक्षा म्हणजे रूपेशची बायको, तुझी वहिनी. त्याचं लग्न तुझ्या मागून झालं, तू तिला पाहिलेलं नाहीस. ती म्हणाली, “देश तोच हाय, गाव मला काय म्हाईत?”

फोन तू घेत नाहीस. माझा नंबर तू बंद करून टाकलास, हेही अपेक्षानंच मला समजावून सांगितलं. म्हणून हे पोस्टानं. पत्ता पारूकडून घेतला. तिला तुझी सासू म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कातकरवाडीवरून तिला बोलावून घेतलं, मागच्या पडवीत बसवलं, चहा दिला. तिचा कप वेगळा ठेवलेला आहे, पण फुटका नाही, चांगला आहे. पोरीचं नाव रिया ठेवलंस हेसुद्धा मला तिच्याकडून कळलं. एका कातकरणीला माझ्या नातीचं नाव माझ्याआधी ठाऊक.

तुला घालूनपाडून बोलायला हे लिहीत नाही. तू बरी आहेस का, पोरगी बरी आहे का, एवढं कळव. आणि पारूच्या हिरूलाही सांभाळून राहायला सांग. त्याला काही झालं तर तू परदेशात एकटी पडशील, एवढ्यासाठी म्हणते.

तिथल्या लोकांना जरा सांगत जा तू कोणाच्या घरातली आहेस ते. तुझ्या बापानं दोनदा सरपंचकी केली. त्यांना कळत नसेल. सगळ्यांना एकाच मापानं मोजत असतील.

उद्या राखीपुनव. रूपेशचा हात पाच वर्षं मोकळा आहे. बोलत नाही तो, पण मला दिसतं.

आई


लोधिवली,
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री

नमू,

पत्र बुधवारी मिळालं. वर ‘आई’ न लिहिता ‘इंदूबाई यांस’ लिहिलंस. वाचलं. तुझ्या बापाचं पान वाढून झालं, कावळा शिवला, आता लिहायला बसले.

हिरूच्या गालाचं हाड मोडलं हे वाचून वाईट वाटलं. दिवसभर म्हाताऱ्यांची ढुंगणं धुऊन घरी येणाऱ्या माणसाला बसथांब्यावर चार पोरांनी धरायचं, तेही भरदिवसा, चार माणसं बघत असताना? आणि काय तर म्हणे, तुमच्यामुळं आमच्या घरांची भाडी वाढली, आमच्या नोकऱ्या तुम्ही खाल्ल्या. ज्या म्हाताऱ्यांची सेवा त्यांची स्वतःची पोरं करत नाहीत, त्यांची सेवा करायला गेलेली माणसं ही. रानटी लोक.

तुझ्या दवाखान्यातली ती म्हातारी तुझा हात लागू देत नाही, ‘गोरी नर्स पाठव’ म्हणते, हे वाचून मला पडवीत बसवेना. माझ्या पोरीच्या हाताचा विटाळ? माणसासारखं माणूस ना तू? तू तिला सुनवायला पाहिजे होतंस. तू लिहितेस, ‘मी तिची गादी बदलली आणि दुसऱ्या खाटेकडं गेले.’ बापाचा ताठा कुठं गेला तुझा?

शाळेत एका पोरानं रियाचा हात रबरानं घासून बघितला, रंग जातो का म्हणून. ती हिरूवर गेली असणार. आपल्यात एवढं काळं कोणी नाही. साय आणि बेसन लावत जा, लहानपणीच फरक पडतो.

आता तुझ्या त्या शेजारणीचं. मोरीन काय मॉरीन. ती तर मला भली वाटली. हिरूला तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरात बसवलं, तोंड पुसून दिलं, चहा दिला. मग म्हणाली, ही नक्की ट्रॅव्हलरांची पोरं, दुसरी कोण असणार. ते लोक चोर, घाणेरडे, आज इथं तर उद्या तिथं, पोरांना शाळा नाही, त्यांना दारात उभं करू नका. हे ऐकून हिरूनं कप खाली ठेवला आणि उठून गेला. मला पहिल्यांदा कळेनाच. मग तू लिहिलंस की ट्रॅव्हलर म्हणजे तिथलेच गोरे, शेकडो वर्षं तिथंच असलेले, पूर्वी गावोगाव फिरून राहणारे, आणि गावात कुठं काही हरवलं की पहिलं त्यांचं नाव निघतं.

गोऱ्यांतपण कातकरी असतात हे मला नवीन. पण त्यात हिरूला उठून जायचं कारण काय? बाई एवढ्या प्रेमानं चहा देते आणि तुम्ही अर्धा टाकून निघता. तिनं तुम्हाला तर काही म्हटलं नाही. उलट तुम्हाला आपलं समजून सांगितलं.

आणि मारणाऱ्यांत ट्रॅव्हलरांचं पोरगं एकही नव्हतं, एक तर मॉरीनचाच नातू होता, हिरूनं त्याला चांगलं ओळखलं. पोलीस विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, ‘माझा नातू दुपारभर माझ्याकडं होता.’ हे तू अगदी मोठा गुन्हा असल्यासारखं लिहिलंयस. मग काय सांगणार होती ती? नातू आहे तिचा. तू आई झालीस ना आता? थोडं थांब, तुलाही कळेल.

दीडशे माणसं पाट्या घेऊन तुमच्यासाठी चौकात उभी राहिली, घरी जेवण पाठवलं, हे वाचून अपेक्षा रडली. मला हसू आलं. हिरूसाठी? त्यांना काय माहीत तो कोण.

आई


लोधिवली,
७ नोव्हेंबर २०२५

नमू,

दिवाळीत तुझं पत्र आलं, पण भात झोडायचं चाललं होतं, म्हणून उशीर.

तू विचारतेस, आम्ही परत आलो तर घराचं दार उघडशील का. हिरूला आता बसथांब्यावर उभं राहिलं की घाम फुटतो, रिया शाळेत जायला रडते. मग ये ना. तू ये, पोरीला घेऊन ये. माडीवरची खोली तुझीच आहे, गाद्यासुद्धा कोणी हलवलेल्या नाहीत. त्याचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. त्याला वाडी आहे, आईबाप आहेत. माझ्या माडीवर कमळ्या कातकऱ्याचा पोरगा झोपणार नाही. मी असेपर्यंत नाही. मी स्पष्ट लिहिते, मागून मला दोष नको.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी रूपेशला वाचून दाखवली नाही. ‘हिरूला आयुष्यात दोनदा मारलं. इथल्या पोरांना त्याचं नाव माहीत नव्हतं. कर्जतला लग्नाची नोंद करून बाहेर आलो तेव्हा मारणाऱ्याला माहीत होतं, तो त्याच्याबरोबर पाचवीपर्यंत एका बाकावर होता.’ किती वर्षं तेच तेच उगाळणार? तरणं रक्त होतं. एक दात पडला. आणि बहिणीसाठी भाऊ चिडणार नाही तर कोण चिडणार?

वाडीवरचं तुला कोणीतरी वाढवून सांगितलंय. कोणाला हाकललेलं नाही. वाडीच्या खालची आपली जमीन रूपेश बंगल्यांच्या प्लॉटना देतोय, मुंबईची माणसं येऊन बघून जातात. त्यांना कातकऱ्यांची ये-जा नको. म्हणून तारेचं कुंपण घातलं आणि बैलगाडीच्या वाटेवर गेट बसवलं. वाट आपल्याच जमिनीतून जाते, सातबारा आपला आहे. त्यांना ओढ्यातून येता येतं, अर्धा तास जास्त लागतो एवढंच. कातकऱ्याला चालायचं काय वावडं?

भाऊबीजेला कोणीतरी तार कापली. रूपेशनं कमळ्याला गेटापाशी बोलावलं आणि दोन ठेवून दिल्या. फार नाही. म्हातारा खाली बसला. “पुन्हा तारेला हात लावला तर वाडी पेटवीन,” रूपेश म्हणाला, पण ते बोलण्यापुरतं. तू ओळखतेस त्याला.

तुझी ती मॉरीनबाई आता तुला बघितलं की पडदा ओढून घेते म्हणतेस. बघ, तिलापण वाईट वाटत असणार.

दिवाळीचं थोडं फराळाचं पाठवलंय. अनारसे टिकतील. शंकरपाळ्यांचा चुरा झाला तर चमच्यानं खा.

आई


लोधिवली,
२ फेब्रुवारी २०२६

नमू,

कमळ्या गेल्याचं तुला अपेक्षानं फोनवरून कळवलंच आहे. मला न विचारता कळवलं. आता हिरू इथं येऊन पाच दिवस झाले, तो तुला त्याच्या बाजूनं सांगत असेल, म्हणून काय झालं ते मीच लिहिते.

तेवीस तारखेला, शुक्रवारी, माझं हळदीकुंकू होतं. चौक गावातून, खालच्या आळीतून पन्नासएक बायका आल्या होत्या. पाचचा सुमार. कमळ्याच्या छातीत कळ आली. त्याचं वय झालं होतं, आणि पीत होता. वाडीतल्या लडकूनं चौकहून रिक्षा आणली, ती गेटापाशी थांबली. गेटाला कुलूप. किल्ली रूपेशकडं, तो पनवेलला गेलेला. मग त्यांनी म्हाताऱ्याला गोधडीत घालून ओढ्यातून काढला. दगडांतून चौघांना चालता येईना. अर्ध्या वाटेत तो गेला. देवाची मर्जी.

आता सगळे म्हणतात, तार कापायची ना. मीपण तेच म्हणते. नको तेव्हा कापतात आणि पाहिजे तेव्हा त्यांना अक्कल सुचत नाही. लडकू म्हणाला, “मालकांनी वाडी पेटवायची बोली केली होती, कोन हात लावील?” असं काही बोलतात हे लोक.

माती देऊन चार दिवस झाल्यावर हिरू पोचला. विमानातून उतरला तो सरळ वाडीवर. दुसऱ्या दिवशी मी तुळशीला पाणी घालत होते, तर कुंपणापाशी येऊन उभा. अंगणात आला नाही. तुझ्या पत्रातला गाल बघितला, एका बाजूनं बसलाय. मला वाटलं ओरडेल. त्यानं हात जोडले आणि विचारलं,

“आई, माजी आय तुमच्याकडं आली होती का?”

“कदी?”

“शुक्रवारी. बाबांना घेऊन निघायच्या आधी. ती म्हणते, मागच्या दारी आली होती, किल्ली मागितली.”

“नाय आली,” मी म्हटलं. “घर बायकांनी भरलं होतं. आली असती तर कोणीतरी बघितलं असतं.”

त्यानं जोडलेले हात सोडले. मग म्हणाला, “तिकडं मला मारलं तेव्हा पोलिसांनी तीन तास बसून माजं ऐकून घेतलं. आता इथं बघतो,” आणि गेला. दुपारी पोलिसांत तक्रार दिली. रूपेशचं नाव, माझं नाव. अ‍ॅट्रॉसिटी लावा म्हणून लिहून दिलंय. वकील म्हणतो, लागली तर रूपेशला आत जावं लागेल.

तू नवऱ्याला समजाव. कमळ्या काय परत येणार आहे? रूपेशच्या बायकोला सहावा महिना आहे. वाडीवर मी पाण्याची टाकी बसवून देते, गेटाचं कुलूप काढायला लावते. तक्रार मागं घ्यायला सांग. तुझ्या शब्दाबाहेर तो नाही. तूच त्याला माणसात आणलंस.

आई


लोधिवली,
६ मार्च २०२६

नमू,

हिरू परवा निघाला. जाताना पारूला बरोबर न्यायचं म्हणत होता, तिनं मान्य केलं नाही. तक्रार त्यानं मागं घेतली नाही. तुझं पत्र तो असतानाच आलं. तीन ओळींचं.

‘मॉरीन स्वतः पोलिसांत गेली आणि नातवाचं नाव सांगितलं. आता तिची मुलगी तिच्याशी बोलत नाही, ती एकटीच असते. आई, पारूआय आली होती का?’

पाच वर्षांनी ‘आई’ लिहिलंस. ते एवढं विचारायला.

ती मॉरीन वेडी आहे. ज्या पोराला न्हाऊमाखू घातलं त्याला पोलिसांच्या हातात दिलं, आता बसली आहे एकटी. तुमच्यासारख्या परक्यांसाठी. तुम्ही उद्या दुसरीकडं निघून जाल, मग तिला तोंडात पाणी कोण घालेल?

तू विचारलंस म्हणून सांगते.

आली होती. मागच्या दारी आली. वाण वाटायचं चाललं होतं, माझ्या हातात हळदीची वाटी. डोईवर पदर नव्हता तिच्या, धावत आलेली. “बाय, गेट उघडा. म्हाताऱ्याच्या छातीत लय दुखतंय. रिक्षा उबी हाय.” किल्ली रूपेशकडं नव्हती. माझ्या कमरेला होती. मी जाणार होते, नमू. वाटी मी खाली ठेवली होती. तेवढ्यात मधल्या दारातून गौराबाईनं बघितलं, ती सरपंचाची भावजय. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

“इंदूबाई, विहीणबाई आल्यात वाटतं! त्यांनाबी ओटीवर घ्या की. वाण द्या.”

आणि बायका हसल्या. सगळ्या. पन्नास बायका. पाच वर्षं मी त्या हसण्याला भीत होते. कोणाच्या लग्नात गेले की माझ्या पाठीमागं तेच चालायचं, पण तोंडावर कोणी हसलं नव्हतं. मी पारूला म्हटलं, “थांब जरा, बायका आहेत,” आणि दाराला कडी घातली.

ती कडी वाजवत होती. मग वाजवायची थांबली. मग गेटावरचा रिक्षावाला हॉर्न द्यायला लागला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, थांबून थांबून. अपेक्षा म्हणाली, “आई, कोन वाजवतंय? मी जाऊ का?” मी म्हटलं, टेंपोवाला असेल, तू तिळगुळाचं ताट घे. शेवटी हॉर्न थांबला. खरं सांगते, थांबला तेव्हा मला बरं वाटलं. मी बाहेरच्या ओटीवर जाऊन गौराबाईला अत्तर लावलं.

हे मी रूपेशला सांगितलेलं नाही. तो म्हणतो, मी असतो तर गेट उघडलं असतं. खरंखोटं देव जाणे. अपेक्षाला माहीत आहे. तिनं कडी घातलेली बघितली. ती साजगावला माहेरी जाऊन बसली आहे, सातवा लागला आहे, फोनवर एवढंच म्हणते, “मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाय.” तिच्या बापाशी बोलणं चालू आहे. बाळंतपणानंतर पोर घेऊन कोणाच्या दारात जायचं आहे हे तिनं ठरवायचं आहे.

पारू काल वाटेत दिसली. मोळी घेऊन ओढ्यातून वर येत होती. गेट आता उघडंच असतं, रूपेशनं कुलूप काढलंय, तरी ती ओढ्यातून येते. मी म्हटलं, “पारू, वाट मोकळी हाय गं.” तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कातकरीण माझ्याकडं न बघता गेली.

सोमवारी अकरा वाजता माझा जबाब आहे. पारू आली नव्हती, असं मी सांगणार. गौराबाईही तेच सांगणार, आणि बाकीच्या एकोणपन्नासजणी. हसल्याचं कोणालाच आठवत नाही.

तू वाचलंस ते फाडून टाक, असं म्हणणार नाही. मला माहीत आहे तू ठेवशील. हिरूला दाखवशील. तो पोलिसांना पाठवेल. पाठव. अक्षर माझं नाही म्हणून मी शपथेवर सांगेन.

रियाला तिथल्या थंडीत कानटोपीशिवाय बाहेर सोडू नकोस.

आई